दरीकडे न बघणारा प्रवासी

मित्रांनो, दर रविवारी माणसांना नदीच्या खोऱ्यातून फिरवून आणायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचवायचे, हे काम बावीस वर्षे करत आलेली मी एक जुनी बस आहे. एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. सुताराने तळाच्या फळ्या बसवल्या, रंगाऱ्याने निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि खिडक्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या. माझ्यात बसणाऱ्याला नदी दिसलीच पाहिजे ना!

माझा चालक म्हणजे दादा. त्याची बायको तिकिटे देते आणि वाटेतल्या गमती सांगते. तिला सगळे वहिनी म्हणतात. "डावीकडे बघा, नदीनं मान कशी वळवलीय, रुसलेल्या मेव्हणीसारखी!" असे ती म्हणाली की सगळी माणसे डावीकडे झुकतात आणि माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात. एके काळी लोक उतरताना माझ्या पत्र्यावर थाप मारून "शाब्बास" म्हणायचे. आता "अजून चालते का ही?" असे विचारतात.

म्हातारपणी माझा हातब्रेक ढिला झाला. उतारावर उभी केली की मी हळूच पुढे सरकू पाहते. म्हणून दादा प्रत्येक थांब्यावर मागच्या चाकापुढे लाकडी ठोकळा, म्हणजे उटी, लावायचा. "ब्रेकचं काम सीझन संपल्यावर बघू," हे त्याचे तीन वर्षांचे पालुपद. यंदा मात्र बातमी आली की, तपासणीचे अधिकारी साध्या कपड्यांत गाड्यांतून फिरतात. दोष सापडला की गाडी बंद! बंद पडलेली म्हातारी गाडी कुठे जाते, हे मला कोणी सांगायला नको. भंगारवाल्याच्या दारावरूनच आमचा रस्ता जातो.

अशातच एका रविवारी एक किडकिडीत गृहस्थ आला. चढण्यापूर्वी त्याने वाकून माझी सगळी चाके पाहिली. मग खिडकीची जागा रिकामी असताना आतल्या बाजूला बसला आणि वही उघडली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, तो चाकं बघत होता," वहिनी दादाच्या कानाशी लागली.

"बघू दे. चाकं काय चोरीची आहेत?"

"आणि आता वहीत लिहितोय."

दादाचा चेहरा उतरला.

आम्ही खोऱ्यात शिरलो. काठाने गवताच्या गंजी होत्या, उथळ पाण्यात बगळे उभे होते. लहानथोर सगळे खिडक्यांना चिकटले. हा मात्र मान खाली घालून बसलेला! मधूनच शेजारच्या दोन आज्यांना काहीतरी हळूच विचारी आणि त्यांचे उत्तर भराभर लिहून घेई.

"प्रवाशांच्या तक्रारी गोळा करतोय मेला," वहिनी पुटपुटली.

मलाही तसेच वाटले. त्याच्या पेनाची प्रत्येक रेघ माझ्या पत्र्यावर ओरखडा काढत होती जणू. चढावरही मी धाप आवरून धरली.

जुन्या पाणचक्कीपाशी पहिला थांबा होता. दादाने उटी उचलली, तेवढ्यात तो गृहस्थ चाकापाशी हजर!

"काही हवंय का, साहेब?"

"नाही, नाही. सहजच."

दादाने उटी पाठीमागे लपवली आणि गुपचूप सीटखाली सारली. उटी दिसली की ब्रेकचे बिंग फुटणार, असा त्याचा हिशेब. जागा सपाट होती, म्हणून निभावले.

कड्यावरचा थांबा मात्र उताराचा. समोर गुडघाभर उंचीचा कठडा आणि खाली खोल नदी. सगळे उतरले. त्या दोन आज्या तेवढ्या आत डुलक्या घेत राहिल्या. दादाने हातब्रेक ओढला, पण उटीला हात लावला नाही. त्या गृहस्थावर नजर ठेवण्याच्या नादात तो गिअर घालायलाही विसरला.

मी सरकले. आधी वीतभर, मग हातभर. मला ओरडायचे होते, पण भोंगा दाबायला कोणी जागे नव्हते.

"गाडी! अहो, गाडी सरकतेय!" ओरडला तो गृहस्थच. त्याने रस्त्याकडेचा दगड उचलून माझ्या चाकापुढे लोटला. मी त्यावर चढू लागले, तोवर दादाने आत उडी मारून पायाचा ब्रेक दाबला. कठडा माझ्या नाकापासून दोन बोटांवर होता.

दादा खाली उतरला. "लिहा साहेब, काय लिहायचं ते लिहा."

"कोण साहेब? मी शिंपी आहे हो! दरी बघितली की माझे पाय लटपटतात. बायकोचा पाय मोडलाय, म्हणून एकटा आलो. तिचा हुकूम आहे, सगळं खोरं वहीत लिहून आणा. मला बघवत नाही, म्हणून या आज्यांना विचारत होतो."

"मग चाकं कशाला बघत होतात?" वहिनीने विचारले.

"ती पूर्वी आली होती तुमच्या गाडीनं. म्हणाली, भिऊ नका, तो चालक प्रत्येक थांब्याला चाकाशी ठोकळा लावतो. तोच शोधतोय मी सकाळपासून!"

दादाची मान खाली गेली. वहिनीने सीटखालून उटी काढली, चाकापुढे ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "हिचा हातब्रेक ढिला आहे. आम्ही ते लपवलं. चुकलंच आमचं."

एक आजी जागी झाली आणि म्हणाली, "आलं का घर?" कोणालाही हसू आले नाही.

त्या दिवशी प्रवासी दुसऱ्या गाडीने परतले. दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःच मला तपासणीच्या कार्यालयात आणले. एक अधिकारी टॉर्च घेऊन माझ्या पोटाखाली शिरला आहे. मला त्याचाही संशय येतो, जित्याची खोड! तो मला दुरुस्तीला धाडेल की भंगारात, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल, एखादे थकलेले माणूस असेल. त्याचे दुखणे चारचौघांत सांगायला लाजू नका. झाकलेले दुखणे बरे होत नाही, ते उताराची वाट बघत बसते.

दादा आता त्या अधिकाऱ्याशेजारी धुळीत आडवा झाला आहे आणि बोटाने दाखवतो आहे, "इथं, साहेब. नीट बघा, इथंच ढिला आहे."