नकाशावर रिकामं काहीच नाही

जपानमधल्या नागिहामाच्या बाजारपेठेत माणसाला आडनावाने हाक मारायची पद्धत नाही. दुकान हेच नाव. तोफूवाल्यांच्या घरात बावीस वर्षांत तोफू झालेला नाही, तरी ते तोफूवालेच. आणि शिगेहारु ओबाता हे नाव पोस्टमनखेरीज कुणाच्या तोंडी नसतं, कारण सगळ्या गावाला ते टोपीवाले. टोपीवाले व्यापारी मंडळाचे अध्यक्षही होते. अध्यक्ष म्हणजे काय, तर छप्पर गळायला लागलं की शिव्या खाणारा माणूस.

हे छप्पर स्टेशनपासून थेट समुद्रापर्यंत, सगळ्या बाजारपेठेच्या डोक्यावर होतं. भरभराटीच्या दिवसांत बांधलेलं, आता पडायला आलेलं. नगरपालिकेने बाजारपेठ सावरायची योजना आणली होती आणि तिची अट साधी होती: निदान उन्हाळ्यापुरती तीन रिकामी दुकानं बाहेरून येणाऱ्या नव्या लोकांना भाड्याने द्या, आम्ही छप्पर दुरुस्त करतो. नाही जमलं तर एप्रिलमध्ये छप्पर उतरवणार. योजनेचं काम बघणाऱ्या हिराबायाशीबाईंनी अध्यक्षांच्या हातात बाजारपेठेचा नकाशा दिला. चालू दुकानं लाल रंगवा, रिकामी पांढरी सोडा, एवढंच काम.

टोपीवाल्यांनी दोन दिवस पायपीट करून ते इमानेइतबारे केलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मंडळाच्या खोलीत रॉकेलच्या शेगडीभोवती सगळे जमले. हिराबायाशीबाईंनी नकाशा उलगडला आणि बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अध्यक्षसाहेब, ही तर सगळीच लाल आहेत."

"हो."

"मी आत्ता स्टेशनवरून चालत आले. चौतीसपैकी सात दुकानं उघडी होती."

टोपीवाल्यांना खरंच कळेना, बाई काय विचारतायत. शटर खाली होती, कबूल. पण तोफूवाल्यांच्या मागच्या खोलीत टीव्ही चालू होता. चहावाल्या ओतोमेबाईंकडे मुळे वाळत घातले होते. माणसं आत जेवतात, खोकतात, भांडतात. त्या घराला रिकामं कसं म्हणायचं?

"मी राहते की तिथं," ओतोमेबाई म्हणाल्या. "मला काय मेलेली धरलीत?"

मग एकेकाने कारणं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या दुकानाला लागूनच देव्हारा होता आणि त्यात गेलेल्या नवऱ्याचा फोटो. कुणाचा मुलगा ऑगस्टमध्ये ओबोनला, पितरांच्या सणाला, तोक्योहून येतो, तो दुकानातच गादी घालतो. वर्षातून तीन रात्री, पण येतो ना. आणि सगळ्यांची मिळून एक मोठी अडचण होती. या जुन्या घरांत दुकान पुढे, मधे राहायची खोली आणि संडास पार मागे. दुकान भाड्याने द्यायचं म्हणजे भाडेकरू घरातून ये-जा करणार.

"परकं माणूस दिवसातून दहादा माझ्या जेवणाच्या ताटावरून जाणार," तोफूवाले म्हणाले. "नको रे बाबा."

हिराबायाशीबाईंनी कागद आवरायला घेतले. मग उन्हाळ्याच्या गोष्टी निघाल्या, त्या निघणारच होत्या. जुलैत दहाच्या गाडीतून माणसं अशी ओतायची की स्टेशनमास्तर खुर्चीवर उभा राहायचा. पोरं ओल्या पायांनी दुकानात शिरायची आणि संध्याकाळी केरसुणीने वाळू काढावी लागायची, सुपं भरभरून. ओबोन झाला की समुद्रात कुणी उतरायचं नाही, तेव्हा सगळी कमाई जुलै ते ओबोन या चाळीस दिवसांत. बारा वाजायच्या आत टोप्या संपायच्या. संपतील नाहीतर काय. टोपीवाल्यांची बायको किनुयो रस्त्यावरच्या माणसाला दंडाला धरून आत आणायची, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि आरसा धरून म्हणायची, आता कसे सिनेमातले दिसता. टोपीवाले गल्ल्यावर बसून ओशाळायचे. आता त्या ओशाळण्याचीही त्यांना आठवण येत होती.

"तू का नाही देत?" तोफूवाल्यांनी मधेच विचारलं. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे, त्यामुळे भीडभाड नाही. "अध्यक्ष आहेस ना? आमच्या दारात कशाला फिरतोस?"

किनुयो जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेली सप्टेंबरात, हंगाम आवरता आवरता. त्या वर्षी न खपलेल्या टोप्या तिने टांगल्या तशाच अजून टांगलेल्या होत्या. टोपीवाले रोज सकाळी आतल्या दाराने दुकानात जात, त्यांवरची धूळ झटकत आणि शटर न उघडताच परत येत. नकाशावर सगळ्यात आधी त्यांनी आपलाच चौकोन लाल केला होता, चांगला दाबून.

"माझं पांढरं करा," ते म्हणाले.

तोफूवाले वरमले. "अरे, मी आपलं बोलून गेलो. तुझाही संडास मागेच आहे."

"माहीत आहे."

"दिवसभर तुझ्या खोलीतून माणसं जातील."

"जाऊ देत की," टोपीवाले म्हणाले. "चार वर्षांत माझ्या खोलीतून कुणी गेलेलं नाही."

ओतोमेबाई तोफूवाल्यांकडे असं काही बघत राहिल्या की त्यांना मान खाली घालावी लागली. मग त्याच म्हणाल्या, माझंही घ्या, फक्त मुळ्यांना हात लावायचा नाही. महिनाभर कुरकुरून तोफूवालेही कबूल झाले. तीन दुकानं झाली.

टोप्या उतरवायला टोपीवाल्यांना आठ दिवस लागले. काम खरं तर तासाभराचं होतं.

जुलैत त्यांच्या दुकानात ओसाकाची चिनात्सु आली आणि तिने किसलेल्या बर्फाचं दुकान थाटलं. छपरावर सुतार ठोकाठोक करत होते. मुलगी फार भिडस्त. संडासला जाताना, मागच्या नळावरून पाणी आणताना, दर खेपेला उंबऱ्याशी थांबायची आणि वाकून म्हणायची, माफ करा, जरा आत येते. टोपीवाले पेपरमधून मान वर न काढता हुंकार द्यायचे. दिवसातून दहादा माफी ऐकून त्यांचेच कान किटले होते.

एका दुपारी गिऱ्हाइकांची रांग लागली होती. चिनात्सु बर्फाची लादी छातीशी धरून मागच्या दाराने धावतपळत आली. घाईत ती माफी मागायचं विसरली आणि आपल्याच घरात शिरावं तसं ओरडली, "आले हं."

"आलीस?" टोपीवाले म्हणाले.

ते मुद्दाम म्हणाले नव्हते. चाळीस वर्षं या खोलीत रोज म्हटलेला शब्द होता, तो आपणहून बाहेर पडला. चिनात्सु थबकली. लादीचं पाणी चटईवर ठिबकायला लागलं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि या वेळीही माफी मागितली नाही.

"हो, आले," ती म्हणाली आणि दुकानात गेली.

टोपीवाल्यांनी फडकं घेतलं, चटईवरचं पाणी पुसलं आणि पुसून झाल्यावरही ते गुडघ्यांवर तसेच बसून रडत राहिले.