बिनसाखरेची धिरडी

शालिनीला कोणी म्हटलं, "हे तुला जमणार नाही," की ते काम झालंच म्हणून समजा. नवी नवरी होऊन ती जयपूरला आली तेव्हा कोणीतरी सांगितलं, की इथल्या जड पाण्यात तूरडाळ धड शिजत नाही. तिने शिजवली. ती राहायची त्या तिलकनगरच्या रेताड मातीत अळू यायचा नाही, असं शेजारच्या राठौडबाई म्हणाल्या. शालिनीने मोरीच्या पाण्यावर अळूची असली पानं वाढवली, की त्याच राठौडबाई कुंपणाशी येऊन "ये खाते कैसे हैं, शालिनीजी?" विचारू लागल्या. तेव्हा सासऱ्यांची साखर उतरवायचं काम अंगावर पडलं, तशी बाईने पदर खोचला आणि म्हणाली, त्यात काय एवढं.

सासरे म्हणजे बापू. वाईच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलेला माणूस. बायको गेल्यावर दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि खानावळीचा डबा खायचे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली आणि जखम काही केल्या भरेना, तेव्हा त्यांचा मुलगा उमाकांत रजा काढून गेला आणि त्यांना जयपूरला घेऊन आला. उमाकांत विमा कंपनीत अधिकारी होता. जगातल्या सगळ्या माणसांचे विमे उतरवील, पण बापाशी चार शब्द बोलायचे तर याच्या तोंडाला कुलूप.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर वसंतराव नागपूरकडचे होते. त्यांनी बापूंना मराठीतून स्वच्छ सांगितलं, की हा मधुमेह आहे. गोळ्या घ्या, साखर, गूळ, भात, बटाटा बंद. लघवीतून साखर जाते आहे तोवर ही जखम भरायची नाही, आणि भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. वेळ आली तर पाऊलही. बापूंनी मान डोलावली. घरी येताना टांग्यात ते एवढंच म्हणाले, "पाऊल गेलं तर वाईला घाटावर कसा उतरू?"

शालिनीने इंटरपर्यंत रसायनशास्त्र घेतलं होतं. दवाखान्यातून तिने काचेची नळी आणली, स्पिरिटचा दिवा आणला आणि साखर तपासायचं निळं पाणी आणलं. नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर हात जोडायचे. आता सुनेने सासऱ्याची लघवी उकळायची म्हणजे दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं. पण दोघांनी त्यावर न बोलताच तोड काढली. बापू सकाळी बाटली कागदात गुंडाळून न्हाणीघराबाहेर ठेवत आणि फिरायला निघून जात. ते परत येईपर्यंत शालिनीचं काम आटोपलेलं असे. रंग कोणता आला ते तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळायचं.

पहिल्याच पंधरवड्यात रंग पिवळ्यावरून हिरव्यावर आला. शालिनी खूश. आणि मग एका गुरुवारी नळी लाल. तिने विचारलं, तर बापूंनी एका दमात कबूल केलं. आदल्या दिवशी ते फिरत फिरत मोतीडुंगरीच्या गणपतीला गेले होते. बुधवार, तिथे ही गर्दी, आणि पुजाऱ्याने हातावर लाडू ठेवला.

"प्रसादाला नाही कसं म्हणायचं?" बापू म्हणाले.

"एकच होता?"

"तीन. तीन पुजारी होते."

शालिनीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. "बापू, पुन्हा असं करायचं नाही. देव माझ्यावर रागवू दे." बापूंनी शब्द दिला, आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यानंतर बुधवारी ते उलट्या दिशेला फिरायला जाऊ लागले.

पण माणूस जेवेना हो. ताटात फुलका, दुधीची भाजी, मुगाचं पातळ वरण. बापू दोन घास खायचे आणि ताट सारायचे. "भूक नाही," म्हणायचे. घरात पंगत अशी नव्हतीच. उमाकांत सकाळी नऊला खाऊन ऑफिसला पळायचा, बापूंचं पथ्याचं ताट शालिनी बाराला वाढून ठेवायची, आणि स्वतः सगळं आवरून दोनला, ओट्याशी उभ्याउभ्या खायची. पुरुष उठल्यावर बायकांनी खायचं, हे तिच्या माहेरीही होतं आणि सासरीही. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. बापू वाळत चालले. संक्रांत झाल्यावर वाईला परत जातो, असं ते एकदा म्हणाले, मग दुसऱ्यांदा म्हणाले. वाईला कोण होतं? खानावळीचा डबा, त्यात रोज भात, बटाट्याची भाजी आणि रविवारी शिरा. शालिनीला त्या पायाकडे बघवेना. हा माणूस वाईला गेला की पाय गेलाच, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात राठौडबाईंनी एका रविवारी चहाला बोलावलं. त्यांचे यजमान फौजेत कर्नल. त्यांच्या खानसाम्याने पॅनकेक केले होते. मैदा, अंडी, लोणी, वर साखर आणि केळ्याच्या चकत्या. शालिनीने अंड्यामुळे खाल्ला नाही, पण बघून घेतला. बघता बघता बाईच्या डोक्यात चक्र फिरलं. हे तर आपलं धिरडं, नुसतं साहेबाच्या कपड्यातलं. मैदा काढा, कणीक घ्या, चार चमचे डाळीचं पीठ घाला. अंड्याचं काम नाही. लोण्याऐवजी तव्याला तुपाचा बोळा फिरवा. आणि साखरेचा एक दाणा नको, त्याजागी फळं भरा भरपूर.

"काही बाधायचं नाही?" रात्री उमाकांतने विचारलं.

"फळांनी काय बाधणार? एकादशीला आपण दिवसभर फळं खातो आणि उपास मोडत नाही. उपासाला चालतं ते पथ्याला चालणारच."

उमाकांतला हे बिनतोड वाटलं. तो स्वतः अशाच घरात वाढलेला. लहानपणापासून दोघांनी हेच पाहिलं होतं, की दूध-फळं खाल्ली म्हणजे काहीच खाल्लं नाही. साखर म्हणजे डब्यातली साखर. डॉक्टरांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही, कारण विचारण्यासारखं काही होतंच कुठे?

दुसऱ्या दिवशी शालिनीने ठेलेवाल्याकडून काळे ठिपके पडलेली केळी घेतली. "भैया, खूब पकी हुई देना," असं दहादा बजावून. घरी ती कुस्करली, खजूर भिजवून वाटला, चिकूचा गर काढला, सगळं कणकेत कालवलं आणि तव्यावर घातलं. घरभर असा वास सुटला, की बापू काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय ग करतेस?"

"तुमच्यासाठी धिरडी. साखरेचा दाणा नाही, बापू. बसा."

ते पाटावर बसले. शालिनीही समोर जमिनीवर बसली, कारण तिला बघायचं होतं. बापूंनी एक घास खाल्ला, तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून खात राहिले. चार धिरडी खाल्ली त्यांनी. पानात तुकडा उरला नाही. शालिनीचा आनंद पोटात मावेना. खाता खाता बापूंनी तिला वाईच्या शाळेतल्या एका पोराची गोष्ट सांगितली, जो गणिताच्या तासाला खिडकीतून उडी मारून नदीवर पळायचा. लग्नानंतर सासऱ्यांनी तिला सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. पुढले दिवस तसेच गेले. धिरडी, समोर शालिनी, आणि बापूंची एक गोष्ट. वाईचं नाव निघेना. त्या दिवसांत तिने नळी उकळायचीही सोडून दिली होती. जेवतो आहे, हसतो आहे, आता कशाला?

डॉक्टरांना पुन्हा पाय दाखवायला जायच्या आदल्या दिवशी मात्र तिने बाटली मागितली आणि दिव्यावर नळी धरली. निळं पाणी बघता बघता लाल झालं. गढूळ, दाट लाल. लाडवाच्या वेळेपेक्षाही जास्त.

शालिनी तशीच बाहेर आली. बापू नुकतेच फिरून आले होते आणि पायाची पट्टी सोडत होते. अंगठ्याची कड काळसर दिसत होती.

"बापू, खरं सांगा. देवळात जाता ना अजून?"

"नाही."

"मग लाडू कुठे खाता?"

"मी लाडू खाल्ला नाही."

"मग साखर आली कुठून? मी एक दाणा घालत नाही तुमच्या पोटात. माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

बापूंनी पट्टी पुन्हा गुंडाळली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, आत गेले आणि पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली. ऑफिसला निघालेल्या उमाकांतला दारातच म्हणाले, "मी वाईला जातो. माझं अहमदाबादच्या गाडीचं तिकीट काढ, पुढचं मी बघतो. उद्याचं मिळालं तर उद्याचं." उमाकांतने बायकोकडे पाहिलं. बायकोने तोंड फिरवलं.

त्या दुपारी बापू जेवले नाहीत. केलेली धिरडी तशीच पडून होती. शालिनीचा संताप आवरत नव्हता. करा, एवढं सगळं करा यांच्यासाठी, हात भाजून घ्या, लघव्या उकळा, आणि हे प्रसादाच्या नावाखाली लाडू चापणार. दोन वाजता तिने ओट्याशी उभं राहून त्यातलंच एक धिरडं तोडून तोंडात टाकलं. इतके दिवस एकही उरलं नव्हतं, त्यामुळे तिने ते कधी खाल्लंच नव्हतं.

धिरडं गोड होतं. साधंसुधं गोड नव्हे, पुरणपोळीने लाजावं इतकं गोड.

साखर तर नाही, मग गोड कशाने? तिने भांड्यात उरलेल्या पिठावर पाणी घातलं, ढवळलं, गाळलं, नळीत निळं पाणी घेतलं, त्यात त्या गाळलेल्या पाण्याचे थेंब टाकले आणि दिव्यावर धरलं. उकळी यायच्या आत रंग बदलला. विटेसारखा लाल. सकाळी आला होता तस्साच.

रोज चार धिरडी. आपल्या हाताने, समोर बसून, आग्रह करकरून. तो काळा पडत चाललेला अंगठा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला रडू कोसळलं. थोडं रडून घेतलं आणि मग तोंड धुऊन ती नळी हातात धरूनच बापूंच्या खोलीत गेली. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. चुकलं तरी ती ताठ मानेनेच चुकायची.

बापू धोतरांच्या घड्या ट्रंकेत ठेवत होते.

"बापू, हे माझ्या धिरड्यांचं पाणी आहे," तिने नळी पुढे केली. "साखर मीच घातली तुमच्या पोटात. केळी, खजूर, चिकू. फळांनी काही होत नाही असं धरून चालले. आणि वर तुम्हालाच खोटं ठरवलं. माझं चुकलं."

बापूंनी नळी उजेडात धरून नीट पाहिली. मग पलंगावर बसले.

"मला पहिल्याच घासाला कळलं होतं," ते म्हणाले.

शालिनीला कळेना हा माणूस काय बोलतो आहे. "काय कळलं होतं?"

"की हे भलतं गोड आहे. मधुमेहाला चालायचं नाही. मी मास्तर होतो ग, खुळा नव्हतो."

"मग खाल्लंत कशाला? पाय जायची वेळ आली तरी रोज चार चार खात होता?" आता तिला खरोखरच राग आला होता. "एका शब्दाने सांगायचं होतंत."

बापूंनी धोतराची घडी मोडून पुन्हा घातली.

"तुझी सासू गेल्यापासून मी एकटा जेवतो. वाईला डब्यासमोर आणि इथे भिंतीसमोर. तुझा दोष नाही, घरची रीतच तशी. त्या दिवशी तू समोर बसलीस. सांगितलं असतं तर धिरडी बंद झाली असती, आणि तू परत ताट ठेवून निघून गेली असतीस."

ताटात काय वाढायचं याचा शालिनीने एवढा विचार केला, निळं पाणी आणलं, दिवा आणला, आणि हे एवढंसं कळलं नाही. ती फार हुशार होती, हो. पण हे कुठल्या नळीत दिसणार होतं?

"आता गोड नसलेली करीन," ती शेवटी म्हणाली. "कच्चट पेरू, आवळा, आलं आणि मिरची. बेसन जास्त. तोंड वाकडं होईल तुमचं. पण आधी नळीत घालून बघीन, मगच तव्यावर. खाल?"

"तू बसणार असशील तर खाईन."

"बसेन."

"नुसती बसू नकोस," बापू म्हणाले. "ताट घेऊन बस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. सासऱ्यांच्या पंगतीला सुनेने जेवायचं, हे तिच्या आईने ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण आई सांगलीला होती आणि हा पाय जयपूरला होता. शालिनी स्वयंपाकघरात गेली. पेरू किसला, आवळा किसला, बेसनात कालवला. नळीतलं पाणी हिरवं झालं आणि हिरव्यावरच थांबलं. मग तिने तवा ठेवला.

संध्याकाळी उमाकांत घरी आला, तो स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. दोन पाट समोरासमोर मांडलेले, त्यावर बापू आणि शालिनी, आणि दोघांच्या ताटात हिरवट धिरडी. "बापू, उद्याचं तिकीट नाही मिळालं," तो चाचरत म्हणाला, "परवाचं बघू का?" बापूंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी हातात तुकडा घेतला होता, पण तोंडात घातला नव्हता. शालिनी पदर सावरत, मान खाली घालून बसली होती. तिने पहिला घास घेईपर्यंत ते थांबून राहिले.