घुबडाला मारलेलं ढेकूळ

आमच्या ह्यांनी घुबडाला ढेकूळ मारलं, अन् तवापसून घरात चूल पेटती पर घास कुणाच्या गळ्याखाली उतरंना.

आमच्याकडं मानत्यात, घुबडाला दगड मारला तर ते दगड उचलून पाण्यात टाकतं. दगड झिजंल तसा मारणारा झिजतो. बरं, आमचं रान डोंगराला लागून, दगडाला काय तोटा? पर न्हाई! ह्यांनी उचललं ढेकूळ. अन् शेजारचे तातेराव, त्यांच्या जिभेला काही हाड न्हाई, लगेच म्हणले, "बद्रीनाथ, दगड असता तर वीस वर्षं गेली असती. ढेकूळ पाण्यात किती टिकतंय?"

झालं! ढेकूळ बोरीच्या जाळीत पडल्तं. ह्यांनी बाहेरूनच काठीनं हुडकलं, सापडलं न्हाई. म्हणजे घुबडानंच नेलं, असं ह्यांनी धरलं. मी ह्यांना जीपनं जाफराबादला नेलं, डॉक्टर म्हणले सगळं बराबर आहे, जेवा. जेवतंय कोण! पँट ढिली झाली की म्हणायचे, "बघ, विरघळून राह्यलो."

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन रानात गेले. हे सालईच्या झाडाखाली बसलेले, बसल्या जागी चुळबुळ, नजर वर. ढोलीपाशी ते रानपिंगळ्याच्या जातीचं घुबड, ओंजळीत मावंल एवढं, अंगावर बारीक पट्टे. मान पार पाठीमागं फिरवून आमच्याकडंच बघत होतं.

"सकाळपसून अकरा खेपा केल्या त्यानं," हे म्हणले. "सरडे, नाकतोडे. मादी आत पिलांवर बसलीय. ते आणतं, तिला देतं, परत जातं. एकदा ओढ्याकडं गेलं, तवा माझा जीव खालीवर झाला."

"अहो, त्याला बायकोला खाऊ घालायला टाइम पुरंना, तुमचं ढेकूळ कधी भिजवंल?"

हसले न्हाईत. "दैवशाला, मी गेल्यावर मोटर चालू करताना लाकडी फळीवर उभी राहात जा. स्टार्टर करंट मारतंय."

माझ्या डोक्यात सणकच गेली. रडूबी फुटलं. आपल्याशिवाय मोटर कशी चालंल ते हे सांगून राह्यले, अन् मी ह्यांच्याशिवाय कशी जगू ते कोण सांगणार? पायापसलं ढेकूळ उचललं अन् त्या घुबडाकडं भिरकावलं.

"घ्या! आता दोघं संगंच विरघळू!"

घुबड उडालं, ढेकूळ जाळीत पडलं. खोटं कशाला बोलू, मारल्यावर मलाबी भ्या वाटलं.

हे ताडकन उठले. पाच दिवसांचा उपाशी माणूस, उघड्या हातांनी सरळ काट्यात घुसला. मी ओरडत राह्यले, ऐकतंय कोण. कोपरापसून रक्त गळायलं, तरी पाला सारणं चालूच. एक वाळलेलं, फुटकं ढेकूळ हाताला लागलं. उलटंपालटं करून बघितलं.

"हे माझं," म्हणले, अन् मागं टाकून दिलं. "तुझं कुठं पडलं? जल्दी सांग."