परतीचा पाइप

पद्मजाने जिन्यालगतचा लाल स्विच खाली ओढला आणि धावतच बॉयलरपाशी गेली. आतली ज्योत विझली, पण तापमानाच्या गेजचा काटा खाली यायला तयार नव्हता. दोनशे चाळीस फॅरनहाइट. सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून वाफाळतं पाणी फस्‌फस्‌ करत बेसमेंटच्या फरशीवर उडत होतं.

"बंद केलास का?" वरून गुरुदत्तचा आवाज आला.

"केला! तुम्ही तिथंच थांबा. खाली यायचं नाही."

गुरुदत्त बेसमेंटच्या दारात वॉकर धरून उभा होता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि जिन्याला अजून बंदी होती. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या या घरात ते बत्तीस वर्षं राहत होते, आणि तेवढी वर्षं घर गरम ठेवणारा हा बॉयलर त्यानेच सांभाळला होता. पद्मजा बेसमेंटमध्ये यायची ती कपडे धुवायला. यंदाचा ऑक्टोबर उबदार गेला, म्हणून हीटिंग लावायची वेळच आली नव्हती. आज सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं दिसलं आणि तिने थर्मोस्टॅट वर केला. तासाभराने बेसमेंटमधून ठणठण आवाज यायला लागले, आणि ज्यांत गरम पाणी जायचं ते वरच्या खोल्यांतले रेडिएटर मात्र गारच.

"पाणी कमी झालं असणार," गुरुदत्त ओरडला. "डावीकडे पितळी व्हॉल्व्ह आहे बघ, गार पाण्याचा. तो उघड. लगेच!"

तिचा हात व्हॉल्व्हकडे गेला. तो अर्ध्यावर थांबला.

"अहो, प्रेशर तीस दाखवतंय, लाल रेषेवर."

"मग?"

"पाणी कमी असतं तर एवढं प्रेशर आलं असतं का?"

वरून जरा खालच्या सुरात उत्तर आलं, "नसतं आलं. हात नको लावूस. आणि भांडं एवढं तापलेलं असताना गार पाणी घातलं तर तडकेल ते. मी हे कसं काय बोललो?"

"टेक्निशियनला फोन करा तुम्ही. तेवढं करा."

तो कुणाशी तरी इंग्रजीत बोलत राहिला. पहिल्या थंडीचा दिवस, सगळ्या गावाचे हीटर एकदमच रुसले होते. माणूस दुपारनंतर येणार होता.

पद्मजाला स्वस्थ बसवेना. अठ्ठावीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्सचं काम केलं होतं. पेशंटच्या पायातलं रक्त नीट फिरतंय की नाही, हे मशीन लावायच्या आधी ती हातानेच बघायची. आधी वर, मग खाली. तिने तळहात बॉयलरमधून वर जाणाऱ्या पाइपजवळ नेला. चार बोटं अंतरावरूनच झळ लागली. मग घरभर फिरून परत येणारा पाइप तिने चाचपला.

बर्फासारखा गार.

"अहो, जाणारा पाइप चटका देतोय, येणारा गार आहे! पाणी फिरतच नाहीये!"

"पंप गेला असेल!"

"नाही, मघाशी पंप गुणगुणत होता. मी ऐकलंय. कुठंतरी अडलंय."

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि गार पाइपवरून बोट फिरवत निघाली. ड्रायरच्या मागून, जुन्या सूटकेसांच्या वरून, कोळ्याच्या जाळ्यातून. खिडकीखाली पाइपवर एक पिवळी मूठ होती. बाकीच्या मुठी पाइपच्या रेषेत होत्या. ही आडवी होती.

"सापडलं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की तिचं तिलाच हसू आलं. "व्हॉल्व्ह बंद आहे! परतीचा!"

वर वॉकरचा पाय फरशीवर सरकला.

मूठ फिरवायला हात शिवशिवत होते, तरी बॉयलर निवेपर्यंत तिने दम धरला. स्टूल ओढून ती गेजसमोर बसली आणि दर दहा मिनिटांनी आकडा ओरडून सांगू लागली. दोनशे दहा. एकशे नव्वद. नळीचं ठिबकणं थांबलं. काटा एकशे चाळीसच्या खाली उतरल्यावर तिने मूठ सरकवली, केसाएवढी, मग अजून केसाएवढी. पाइपात खळखळ झाली. मूठ रेषेत आली. मग जिन्याशी जाऊन तिने लाल स्विच वर केला आणि पुन्हा गेजसमोर आली. नजर काट्यावरून हलू दिली नाही.

एकशे पन्नास. एकशे सत्तर. काटा तिथंच रेंगाळला. ती परतीच्या पाइपाकडे धावली.

"कोमट! अहो, कोमट लागतंय! आता गरम!"

वर कुठंतरी रेडिएटर टकटकला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात इतका आनंद तिला क्वचितच झाला असेल. तिने स्विच पुन्हा बंद केला. एवढं तापूनही ज्योत आपोआप विझली नव्हती, म्हणजे ती वेळेवर विझवणारा कंट्रोलही तपासायला हवा होता. ते टेक्निशियनचं काम. हात पुसत ती जिन्याशी आली.

गुरुदत्त दारात तसाच उभा होता. चेहरा उतरलेला.

"तो व्हॉल्व्ह मीच बंद केला," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. रेडिएटरमधली हवा काढत होतो. परत उघडायचा राहिला."

"राहतं हो एखाद्या वेळी."

"माझं नाही राहत." त्याने वॉकरची पकड घट्ट केली. "त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं. मला भीती वाटत होती, पद्मजा. तू वर बॅग भरत होतीस ना, मी खाली नुसताच उभा होतो. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून."

ती अर्ध्या जिन्यात थांबली. इतक्या वर्षांत भीती हा शब्द त्याच्या तोंडून तिने ऐकला नव्हता. उरलेल्या पायऱ्या ती सावकाश चढली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, त्याच्या पायांशी, भिंतीला टेकून बसली.

"जानेवारीत दुसरा गुडघा आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तेव्हा आधी सांगेन."