चौकोनी विहीर

राजनला आपल्या नजरेचा भारी अभिमान. घरी फ्रिजमधली तुपाची बरणी बायकोने, विभावरीने, बोट दाखवल्याशिवाय त्याला सापडत नसे, ही गोष्ट वेगळी. पण दुबईत रास अल खोरच्या त्यांच्या सर्व्हे कंपनीत विमानातून काढलेले जुने फोटो वाचावेत तर राजननेच, असं सगळे म्हणत. म्हणजे तोच म्हणे आणि बाकीचे मान डोलावत.

१९९०-९१च्या कुवेतच्या लढाईत बेपत्ता झालेल्यांच्या सामूहिक कबरी शोधायचं काम २००३ साली आलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या इद्रीसने हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्याचा थोरला भाऊ शाहबाज त्याच लढाईत कुवेतमधून नाहीसा झाला होता. रत्नागिरीला आई अजून वाट बघत होती. शाहबाजबरोबर पकडलेल्या एकाने आता वाळवंटातली एक जागा सांगितली होती. लढाईच्या वेळच्या फोटोत तिथे खड्डा दिसला, तर आशा संपली. इद्रीसही याच कामातला, पण त्याने स्वतः बघायला नकार दिला. त्या जागेचे दोन फोटो स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांखाली लावून तो बाजूला झाला.

राजनने ऐटीत डोळे लावले. दोन फोटो एक होऊन जमिनीचा उंचसखलपणा दिसू लागला. खड्डा नाही, वाळूचा ढीग आहे, असा त्याने निकाल दिला. शिवाय कोपऱ्यात एक चौकोनी विहीरही शोधून काढली, जी कुणी विचारली नव्हती. जेवताना त्या विहिरीचं कौतुक विभावरीला दोनदा ऐकावं लागलं. इद्रीसने मात्र आईला फोन केला.

ईद झाल्यावर जागेवर गेलेल्या लोकांचा निरोप आला: विहीर कुठेच नाही, त्या कोपऱ्यात पंपाची जुनी खोली आहे. राजन आधी त्यांच्या अकलेला हसला. मग हसू थांबलं. डावा फोटो उजवीकडे गेला की खड्डा ढीग दिसतो आणि ढीग खड्डा, हे तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर भिंगाखालीच होता.

फोटो उलटे होते, मी तपासायला हवे होते, एवढं त्याने इद्रीसला कसंबसं सांगितलं.

इद्रीसने मान वर केली नाही. "उलटे मीच लावले होते. खरं ऐकायची हिंमत नव्हती. पण वाटलं, तू पकडशील."

राजनने स्टिरिओस्कोपकडे बघितलं.

"तू विहीर सांगितलीस तेव्हा कळलं, तू काही पकडत नाहीस. म्हटलं, अम्मीची एवढी ईद होऊन जाऊ दे."

मग इद्रीसने फोटो सरळ लावले आणि या वेळी खुर्चीत स्वतः बसला. "यल्ला, चला," तो हळूच म्हणाला आणि भिंगांवर वाकला. राजनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा खचला, तसं खड्डा आहे, हे राजनच्या हातालाच कळलं.