अर्धं वाक्य

विनोदचं पुस्तक वाचनालयात निवडीसाठी आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद केशवरावांना झाला. त्यांचा सारा जन्म तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलण्यात गेला होता. "आपल्या वस्तीतल्या पोराचं पुस्तक! तेही परराष्ट्र धोरणावर," असं ते भेटेल त्याला सांगत.

त्यांची मुलगी प्रतिक्षा ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर होती. विनोद तिचा शाळेपासूनचा वर्गमित्र. त्याचं पुस्तक तिनं दोन दिवसांत वाचलं आणि मग सवयीनं तळटिपा तपासायला घेतल्या. एकेचाळिसाव्या टिपेत एका निवृत्त राजदूताच्या आठवणींचा हवाला होता. ते पुस्तक तिनं नागपूरहून मागवलं. विनोदनं उतरवलं होतं, 'पाणीवाटपाला शेजारी देश तयार नव्हता.' मुळात त्यापुढे स्वल्पविराम होता, आणि मग, 'असं आम्ही सांगत होतो. खरं तर त्यांच्या पत्राला आम्हीच उत्तर दिलं नव्हतं.'

अशी तोडलेली वाक्यं तिला आणखी दोन ठिकाणी सापडली.

ती आधी विनोदच्या घरी गेली.

"चारशे पानांत तीन चुका," विनोद म्हणाला. "तुले त्याच दिसल्या?"

"चुका नाहीत ह्या. वाक्य तोडलंस तू."

"पूर्ण दिलं असतं तर प्रकाशकानं हात लावला नसता. आपल्यातल्या कोणी पुस्तक लिहिलं काय आजपर्यंत? अन् तूच पाय ओढून राहिली."

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो, एवढं लिहून दे. मी शिफारस करते."

त्यानं लिहून दिलं नाही.

घरी केशवरावांनी सगळं ऐकून घेतलं. "तू खरी आहेस, मले समजते," ते म्हणाले. "पण त्या कमिटीत दुसऱ्या कोणाचं पुस्तक असं भिंग लावून पाह्यलं काय कोणी?"

तरी प्रतिक्षानं समितीसाठी टिपण लिहिलं.

बैठकीत अध्यक्ष भैय्याजींनी ते टिपण मोठ्यानं वाचलं. एरवी दोन ओळींत विषय संपवणारा माणूस, पण आज पानांचे आकडेसुद्धा त्यांनी गाळले नाहीत. "ताईंनीच सांगतलं, आता आपण काय बोलावं?" असं म्हणून त्यांनी विनोदचं पुस्तक बाजूला सारलं आणि दुसरं पुढे केलं. विषय तोच, कागद गुळगुळीत. लेखक भैय्याजींचे साडू.

प्रतिक्षानं मागची पानं उलटली. संदर्भसूची नव्हती. तळटीप एकही नव्हती.

"ही माहिती आली कुठून?"

"तळटीपच नाही, तं चूक कायची सापडन?" भैय्याजी म्हणाले. सगळे हसले.

त्या पुस्तकाच्या दहा प्रती मंजूर झाल्या. प्रतिक्षाचा विरोध इतिवृत्तात आला नाही. विनोदचं पुस्तक नाकारल्याचं कारण मात्र तिच्या नावानिशी आलं, आणि त्या पानाचा फोटो संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. पुढच्या वर्षी समितीवर तिचं नाव नव्हतं.

चौदा एप्रिलला विहारात विनोद समोरून आला. केशवरावांना वाकून जयभीम केला, तब्येत विचारली आणि तिच्याकडे न पाहता पुढे गेला. केशवरावांनी त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता.

जूनमध्ये खुशबू नावाची तिची विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेसाठी परराष्ट्र धोरणावरचं पुस्तक घेऊन आली. साडूंचंच.

"याच्यात लिहिलेलं कशावरून खरं, हे विचारलंस का?" प्रतिक्षानं म्हटलं.

"कोणाले विचारू, मॅडम? वाचनालयात हेच एक आहे," खुशबू म्हणाली. "अन् सोपं आहे. पाठ होते लवकर."

प्रतिक्षानं तिला राजदूताच्या आठवणी दिल्या. चार दिवसांनी खुशबूनं त्या परत आणल्या. परीक्षेत यातलं काही येत नाही म्हणाली.