तो आठ नव्हता

मित्रांनो, मी एक जुनं डिस्प्ले कार्ड आहे. तुम्ही आज ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणता, त्याच्या आजोबांच्या पिढीतला. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिप्स आणि एका कडेला सोनेरी दात, असं माझं रूप. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे दिसतं ते उमटवणं हे माझं काम.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा देशात झाला. तिथल्या कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते परभणी. १९९३ सालच्या उन्हाळ्यात भगवानरावांच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरच्या पेटीच्या पोटात बसून आलो. पेटीला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. पडद्यावर मराठी अक्षरं उमटतात हे बघायला स्टेशन रोडवरचे दुकानदारसुद्धा येऊन गेले. ती अक्षरं मी काढत होतो. कौतुक मात्र पडद्याचं व्हायचं. पेटीत कोण बसलंय हे कुणीच विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटत असे, आज खोटं कशाला बोलू?

कॉम्प्युटरवर सत्यशीला बसायची. पूर्णेची मुलगी. वडील रेल्वेत, त्यामुळे ती रोज गाडीनंच ये-जा करायची. तिची बोटं हलकी होती. दुसऱ्या भिंतीशी किशनराव उभे असत. पिंगळीहून येत. शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि मुंगीएवढं बारीक. आपण सरळ अक्षर वाचतो तसं किशनराव ते वाचत. पण मी आल्यापासून त्यांच्याकडचं काम आटत चाललं होतं. ते कुणाशी बोलत नसत. पेटीजवळून जाताना मात्र त्यांची पावलं मंदावत, आणि मला भीती वाटे.

१९९४ च्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्या नावासाठी सत्यशीलाच्या वडिलांनी मोर्च्यांतून पाय झिजवले होते, लाठ्याही खाल्ल्या होत्या. महिन्याभरात एका कॉलेजकडून काम आलं. नव्या नावाची पत्रं आणि प्रमाणपत्रं छापायची होती. सत्यशीला भगवानरावांना म्हणाली, "साहेब, हे काम मीच करणार." तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. किशनरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. या विषयावर ते कधीच काही बोलले नव्हते. त्यांचं ते न बोलणंच तिला खुपत होतं.

त्याच आठवड्यात औरंगाबादहून कॉम्प्युटरचा इंजिनिअर आला. त्यानं पेटी उघडून माझ्यावरचा पुसट नंबर वाचला आणि बॅगेतून एक फ्लॉपी काढली. "नवा ड्रायव्हर टाकतो. अक्षरं भराभर उमटतील." मित्रांनो, ड्रायव्हर म्हणजे मला हुकूम देणारा. तो ज्या भाषेत सांगेल तसं मी चित्र काढतो. इंजिनिअरला गाडी गाठायची होती. त्यानं फ्लॉपी चढवली, मशीन बंद केलं, "उद्या सुरू कराल तेव्हा फरक दिसेल" म्हणाला आणि निघाला. घाईत ती फ्लॉपी टेबलावरच राहिली.

तिसऱ्या प्रहरी भगवानराव चहाला गेले, सत्यशीला पोस्टात. तेवढ्यात पेटीचं झाकण पुन्हा निघालं. किशनराव होते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ मला न्याहाळलं आणि माझ्या पाठीवरून एक बोट फिरवलं. मग झाकण लावून ते गप्प आपल्या जागी गेले.

सकाळी सत्यशीलानं मशीन सुरू केलं. आधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आल्या. मग रंगीत पडदा यायची वेळ झाली आणि मला कळेनासे हुकूम येऊ लागले. धड ओळखीचे नाहीत, धड परके नाहीत. मी जमेल तसं काढत गेलो. पडद्यावर आडव्या पट्ट्या नाचल्या, जांभळे ठिपके उठले आणि सगळं गोठलं. मला वाटलं, त्या बोटानंच मला जाळलं.

"काल मशीन शेवटी कुणी बंद केलं?" भगवानरावांनी विचारलं.

"इंजिनिअर साहेबांनी. त्यानंतर मी हातही लावला नाही," सत्यशीला म्हणाली.

"मग आपोआप बिघडलं?" त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, कार्ड जळालंय, कुणीतरी आत हात घातला असणार, नवंच घ्या.

सत्यशीलानं वाकून पाहिलं. झाकणाचा एक स्क्रू अर्धवट फिरलेला होता. ती सरळ किशनरावांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही उघडलं होतं का?"

"म्या न्हाई," किशनराव म्हणाले. "मला काय करायचंय त्या डब्याचं?"

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याकडे दाखवायला पडदा आहे, बोलायला तोंड नाही. सत्यशीलाला त्यांचं बोलणं पटलं नाही. भगवानरावांना मात्र संशय तिचाच. तीच दिवसभर मशीनपाशी असते, तिनंच काहीतरी केलं आणि आता झाकतेय. ते म्हणाले, "परवापर्यंत चालू झालं नाही तर कॉलेजचं काम नांदेडच्या छापखान्याकडे जाईल. आणि मग तुमचंही बघावं लागेल, बाई."

त्या दिवशी छापखान्यात कुणी कुणाकडे सरळ पाहिलं नाही. किशनराव जेवायला बसले तेव्हा सत्यशीलानं आपला डबा उचलून बाहेरच्या पायरीवर नेला.

दुपारनंतर तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी आधी पांढऱ्या ओळी, मग पट्ट्या. चौथ्या वेळी तिच्यामागून आवाज आला.

"ह्या पयल्या वळी तर साफ हायेत की."

किशनराव कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. ती मागे न वळता म्हणाली, "मग?"

"खिळा झिजला तर दर कागदावर झिजकाच उमटतो. एका कागदावर धड आन् दुसऱ्यावर तुटका, असं व्हत न्हाई. खिळा चांगला हाय. जुळवणारा चुकलाय."

कार्ड चांगलं असेल तर चुकला तो ड्रायव्हर, हे सत्यशीलाच्या लक्षात आलं. मग तिनं टेबलावर राहिलेली फ्लॉपी उचलली. तिच्यावर इंग्रजीत नंबर होता, शेवटी आठ. "हा ड्रायव्हर याच कार्डाचा आहे की नाही, ते आतला नंबर बघितल्याशिवाय कळायचं नाही."

"आतल्या नंबरात शेवटी आठ न्हाई," किशनराव म्हणाले. "बी हाय. इंग्रजी बी. डाव्या अंगाला दांडी सरळ हाय त्याची. आठाची पाठ गोल असती."

सत्यशीला सावकाश वळली.

"तुम्ही तर उघडलंच नाही म्हणाला होतात."

बाहेरून एक रिक्षा खडखडत गेली. किशनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"उघडलं व्हतं. माझं काम कुणी नेलं, त्याचं तोंड तरी बघावं म्हनलं. निस्तं बघितलं. सकाळी समदं बिघडलेलं बघून जीभच उचलंना."

"मला वाटलं, हे नाव छापलं जाऊ नये म्हणून तुम्ही..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

किशनराव जमिनीकडे बघत म्हणाले, "गावात ह्या नावावरनं बोलतेत लोक काय काय. म्या ऐकून घेतलं, कुणाला उलटं बोललो न्हाई, ही माझी चूक हाय. पण पोरी, जुळवलेलं अक्षर म्या जल्मात कधी मोडलं न्हाई."

तिनं स्क्रू काढले. दोघांनी मिळून माझ्यावर भिंग धरलं. शेवटी 'बी'च होता, इंजिनिअरनं घाईत तो आठ वाचला होता. सत्यशीलानं कपाटातून पहिल्या दिवशीच्या फ्लॉप्या काढल्या आणि माझा जुना ड्रायव्हर परत चढवला. ओळखीचे हुकूम आले. मी जीव ओतून पडदा रंगवला. एकही पट्टी नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या नावाचं पहिलं पत्र निघालं. सत्यशीलानं ते किशनरावांपुढे तपासायला ठेवलं. त्यांनी नावावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचलं, पहिल्या 'डॉ.' पासून शेवटपर्यंत, अक्षर न गाळता. ती ऐकत उभी होती. भगवानरावांनी कुणाचीच माफी मागितली नाही. कॉलेजच्या माणसाला ते म्हणाले, "मशीनच जरा नाटकं करत होतं." तो आळ माझ्यावर आला. मी तो घेतला, कारण किशनरावांवर मीही संशय घेतलाच होता.

मित्रांनो, पुढे नवं मशीन आलं आणि मी पेटीतून निघालो. वस्तू बिघडली की आधी कुणाचा हात लागला हे शोधू नका. कुठपर्यंत साफ चालतं आणि कुठून बिघडतं, ते बघा. माणसांच्या बाबतीतही तेवढी सवड काढा. वस्तू टाकून दिली तर दुसरी मिळते.

मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. सत्यशीलानं मला कागदात गुंडाळलं आणि वर पेनानं लिहिलं, 'यात दोष नाही.' मग ती पुडी किशनरावांपुढे धरली. त्यांनी सवयीनं डोळे बारीक करून अक्षरन् अक्षर वाचलं.

"बरुबर हाय," ते म्हणाले.